घरातील काळी बुरशी : ओळख, सफाई आणि धान्याची राखण

पावसाळा ओसरू लागला की बालाघाट, वारासिवनी, लांजी, किरनापूर या भागांतील पुष्कळ घरांच्या भिंतींवर काळे, हिरवट डाग दिसू लागतात. पेटीच्या मागे, धानाच्या पोत्यांच्या आड, कवेलू गळते त्या कोपऱ्यात, मोरीच्या भिंतीवर ते हळूहळू पसरतात. बरेच लोक त्यांवर चुन्याचा एक हात फिरवून मोकळे होतात. काही लोक उलट भीतीने ग्रासतात, कारण २०२१ साली "काळी बुरशी" या नावाने पुष्कळ माणसे दगावल्याचे त्यांनी ऐकलेले असते. दुर्लक्ष जितके वाईट तितकीच विनाकारण भीतीही वाईट. म्हणून या पाठात आपण तीन गोष्टी क्रमाने पाहू : बुरशी ओळखावी कशी, ती धोका न पत्करता काढावी कशी, आणि ती धान्यात शिरली तर काय करावे.

एक जुना धडा

जुन्या करारातील लेवीय या पुस्तकाच्या १४ व्या अध्यायात घराच्या भिंतीवर उठणाऱ्या चट्ट्यांविषयी नियम दिलेले आहेत. भिंतीवर हिरवट किंवा तांबूस चट्टे दिसले आणि ते पृष्ठभागाहून खोल गेलेले वाटले, तर घरमालकाने याजकाला कळवावे. याजक पाहावयास येण्यापूर्वी घरातील सामान बाहेर काढावे. घर सात दिवस बंद ठेवून पुन्हा तपासावे. चट्टे पसरले असल्यास ते दगड काढून गावाबाहेर टाकावे, भिंती आतून खरवडाव्या, खरवडलेला गिलावाही गावाबाहेर टाकावा आणि नवे दगड, नवा गिलावा घालावा. एवढे करूनही चट्टे परतले तर घर पाडावे.

हे पुस्तक विज्ञानाचे नव्हे आणि त्या लोकांना सूक्ष्मजंतूंची माहितीही नव्हती. तरी त्यांचा क्रम आजही लागू पडतो : आधी सामान बाहेर, मग तपासणी, मग खरवडणे, घाण वस्तीपासून दूर, आणि काही दिवसांनी पुन्हा पाहणे. नुसते वरून रंगवा, असे तेथे कोठेही सांगितलेले नाही. भिंतीवरची बुरशी म्हणजे कोणाची करणी किंवा घरावरचा कोप, असे मात्र कोणीही समजू नये. ती ओलीमुळे येते आणि ओल गेली की जाते.

बुरशी म्हणजे काय?

बुरशीचे बीज अत्यंत बारीक असते. डोळ्यांना न दिसणारी ही बीजे हवेत सगळीकडे, प्रत्येक घरात असतात. ती पूर्णपणे नाहीशी करणे कोणालाही शक्य नाही. त्यांना रुजण्यासाठी दोनच गोष्टी लागतात : खाद्य आणि पाणी. खाद्य म्हणजे लाकूड, कागद, पुठ्ठा, कापड, तणस, शेण, धान्य, एवढेच काय, भिंतीवर साचलेली धूळसुद्धा. खाद्य घरात असतेच. म्हणून आपल्या हाती राहते ते पाणी. भिजलेली वस्तू एक-दोन दिवसांत वाळली तर बुरशी सहसा धरत नाही. त्याहून अधिक काळ ओली राहिली तर धरते.

काळ्या दिसणाऱ्या बुरशा अनेक जातींच्या आहेत. भिंतीवर बहुधा क्लॅडोस्पोरियम किंवा ॲस्परजिलस या जाती आढळतात. कांद्याच्या सालीवरची काळी भुकटी ही ॲस्परजिलसचीच एक जात. "विषारी काळी बुरशी" म्हणून जिचे नाव जगभर झाले ती स्टॅकिबोट्रिस. ती दीर्घकाळ भिजलेल्या पुठ्ठ्यावर, कागदावर व तणसावर वाढते, हिरवट काळी असते आणि ओली असताना बुळबुळीत लागते. १९३० नंतरच्या दशकात युक्रेनमध्ये हिच्यामुळे काळे पडलेले तणस खाऊन पुष्कळ घोडे मेले, आणि ते तणस हाताळणाऱ्या माणसांनाही त्वचेचा व श्वासाचा त्रास झाला. पुढे १९९३-९४ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात काही तान्ह्या मुलांच्या फुप्फुसांतून रक्तस्राव झाला तेव्हा या बुरशीवर संशय घेण्यात आला. पण २००० साली फेरतपासणी झाली तेव्हा तो संबंध सिद्ध झाला नाही, असे तेथील आरोग्य खात्याने जाहीर केले.

यावरून दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या. पहिली, केवळ रंगावरून बुरशी विषारी की साधी हे सांगता येत नाही. दुसरी, ते सांगता येण्याची गरजही नाही. घरात वाढणारी कोणतीही बुरशी काढून टाकावयाची, हाच नियम. तपासणीवर पैसे घालविण्यापेक्षा ते कवेलूंवर घालवावेत.

ती ही बुरशी नव्हे

२०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत जो रोग पसरला त्याचे नाव म्युकरमायकोसिस. ज्यांची साखर फार वाढलेली होती आणि ज्यांना स्टिरॉइडची औषधे द्यावी लागली, अशा रोग्यांना तो अधिक झाला. त्याची बुरशी स्वतः काळी नसते. रोगाने मेलेला मांसाचा भाग काळा पडतो, म्हणून ते नाव पडले. भिंतीवरच्या काळ्या डागाने तो रोग होतो असे समजून घर सोडण्याचे कारण नाही. मात्र मधुमेह ज्यांच्या आटोक्यात नाही अशांनी कोणतीही बुरशी झाडू-खरडू नये. ते काम घरातील निरोगी माणसाने करावे.

प्रकृतीवर काय परिणाम होतो?

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल व बुरशी यांविषयी मार्गदर्शिका काढली. ओलसर, बुरशी लागलेल्या घरांत राहणाऱ्यांना खोकला, छातीतील घरघर, दमा आणि श्वसनाचे इतर त्रास अधिक होतात, असे तीत म्हटले आहे. शिंका, डोळ्यांतून पाणी, नाक चोंदणे, अंगाला खाज ही नित्याची लक्षणे. बाहेर शेतात गेल्यावर बरे वाटते आणि घरात निजल्यावर पुन्हा खोकला सुरू होतो, असे होत असेल तर घराकडे संशयाने पाहावे.

तान्ही मुले, म्हातारी माणसे, दमेकरी आणि कर्करोगाचे उपचार चालू असलेले रोगी यांना विशेष जपावे. ज्यांना पूर्वी क्षयरोग झाला होता त्यांच्या फुप्फुसात राहिलेल्या जुन्या पोकळीत बुरशीचा गोळा वाढू शकतो आणि थुंकीतून रक्त पडू शकते. क्षय बरा झाल्यानंतरही रक्त पडले तर "जुनेच दुखणे" म्हणून घरी बसू नये.

शेतकऱ्याने आणखी एक गोष्ट ओळखावी. बुरसटलेले तणस किंवा धान्य उपसल्यानंतर चार ते आठ तासांनी, म्हणजे बहुधा संध्याकाळी, थंडी वाजून ताप येतो, कोरडा खोकला व धाप लागते. आपल्या जिल्ह्यात ताप म्हटला की मलेरिया आठवतो, आणि रक्ताची तपासणी करावी हे योग्यच. पण असा ताप पुनःपुन्हा, तणस हाताळल्या दिवशीच येत असेल, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे. हा फुप्फुसाचा वेगळा विकार आहे आणि दुर्लक्ष केल्यास फुप्फुस कायमचे आखडते.

डाग कशाचा, हे कसे ओळखावे?

१. चुलीची काजळी चुलीच्या वर व छताकडे असते, सगळीकडे सारखी पसरते आणि तिला कुबट वास नसतो. बुरशी ठिपक्याठिपक्यांनी, गोलाकार वाढते आणि तिला ओल्या पोत्यासारखा वास येतो.

२. पक्क्या भिंतीच्या तळाशी पांढरी भुकटी असेल तर तो बहुधा खार, म्हणजे लोणा. तो पाण्यात विरघळतो. बुरशी विरघळत नाही. पण लोणा असणे हीसुद्धा ओलीचीच खूण आहे.

३. शंका असल्यास पक्क्या भिंतीच्या डागावर पाणी मिसळलेल्या ब्लीचचा एक थेंब लावावा. एक-दोन मिनिटांत डाग फिका पडला तर बुरशी समजावी. काळाच राहिला तर मळ किंवा काजळी.

४. ओल कोठून येते हे शोधण्यासाठी हातभर लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून एक-दोन दिवस ठेवावा. प्लास्टिकच्या भिंतीकडील बाजूस थेंब जमले तर ओल भिंतीतून येते; खोलीकडील बाजूस जमले तर ती घरातील वाफेची आहे.

सफाईची रीत

पहिले काम पाणी थांबविणे. फुटलेले कवेलू, टिनाचे भोक, गळका नळ, भिंतीला लागून वाहणारी नाली, यांचा बंदोबस्त झाल्याशिवाय केलेली सफाई महिनाभरही टिकत नाही.

डाग दोन हात लांब व दोन हात रुंद एवढ्यापर्यंत असेल तर घरच्या माणसाने काढावा. त्याहून मोठा असेल, किंवा पुराचे घाण पाणी घरात शिरले असेल, तर दोन-तीन निरोगी माणसांनी पूर्ण तयारीनिशी आणि मिस्त्रीच्या मदतीने काम करावे. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला जो मोठा पूर आला त्यात बालाघाट, गोंदिया, भंडारा या जिल्ह्यांतील पुष्कळ घरे बुडाली. अशा वेळी पाणी उतरताच गाळ काढणे आणि भिजलेल्या गाद्या, पोती त्याच दिवशी बाहेर काढणे यावर पुढचे सर्व अवलंबून असते. भिंत ओली असेल तर विजेचा मुख्य खटका आधी बंद करावा.

कोरड्या, उन्हाच्या दिवशी काम धरावे. मुले, म्हातारी माणसे, गरोदर स्त्रिया व आजारी यांना शेजारी पाठवावे. सामान, विशेषतः धान्य व भांडी, बाहेर काढावी. खिडक्या-दारे उघडावी, पण पंखा लावू नये; पंख्याने बीजे घरभर उडतात. नाकातोंडावर एन-९५ मास्क, हातात रबरी मोजे आणि डोळ्यांवर बंद चष्मा असावा. गमछा बांधल्याने मोठी धूळ अडते, बुरशीचे बारीक बीज अडत नाही.

पक्की भिंत, फरशी, लाकूड, पत्रा : डाग कोरडा झाडू नये. त्यावर आधी साबणाचे पाणी हलके शिंपडावे, मग ब्रशाने घासावे, फडक्याने पुसून घ्यावे, स्वच्छ पाण्याने पुन्हा पुसावे आणि पूर्ण वाळू द्यावे. बहुतेक ठिकाणी एवढे पुरते. ब्लीच वापरावयाचेच असेल तर चार लिटर पाण्यात पाव लिटरहून अधिक घालू नये. ब्लीचमध्ये संडास धुण्याचे ॲसिड किंवा अमोनिया असलेले औषध कधीही मिसळू नये; त्यातून निघणारा वायू प्राणघातक आहे. जनावरांच्या मुत्रातही अमोनिया असतो, म्हणून गोठ्यात ब्लीच ओतू नये. आधी गोठा साध्या पाण्याने धुवावा.

मातीची भिंत : येथे पाणी ओतून उपयोग नाही. डाग पाण्याने किंचित ओलसर करावा, खाली जुने पोते अंथरावे आणि डागाच्या चारही बाजूंस वीतभर अधिक माती खुरप्याने खरवडून काढावी. भिंत काही दिवस उघडी ठेवून पूर्ण वाळवावी, मगच नवी माती लावून सारवावे व चुना द्यावा. ताज्या चुन्यात बुरशी सहज धरत नाही. पण चुना ओल्या डागावर मारला तर बुरशी त्याखाली जगते. चुना विरवताना तो उसळतो, म्हणून डोळे सांभाळावे व मुलांना दूर ठेवावे.

सामान : बुरसटलेली कापसाची गादी, उशी, पुठ्ठ्याची खोकी साफ होत नाहीत, ती टाकावी. कपडे कढत पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे. प्रार्थनेची पुस्तके, बाप्तिस्म्याचे दाखले, जमिनीचे कागद व ऋणपुस्तिका सावलीत, वारा लागेल तेथे सुटी करून वाळवावी आणि मग मास्क लावून, घराबाहेर, कोरड्या फडक्याने अलगद पुसावी. भिंतीवरील पवित्र चित्रांच्या चौकटी उतरवून मागची बाजूही पाहावी. पुठ्ठा तेथेच प्रथम कुजतो.

खरवडलेली माती व फडकी पिशवीत बांधून वस्तीपासून दूर पुरावी. काम झाल्यावर अंगावरचे कपडे वेगळे धुवावे व स्नान करावे. खोली वाळविण्यासाठी दारे लावून आत कोळशाची शेगडी ठेवू नये; त्या धुराने झोपेतच माणसे दगावतात. सात दिवसांनी ती जागा पुन्हा पाहावी. डाग परतला असेल तर पाण्याची वाट अजून बंद झालेली नाही असे समजून पुन्हा छत व पाया तपासावा.

धान्यातील बुरशी : येथे गय नको

भिंतीवरची बुरशी त्रास देते. धान्यातील बुरशी जीव घेऊ शकते. १९७४ च्या अखेरीस राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या जिल्ह्यांत अवेळी पावसाने भिजलेला मका आदिवासी कुटुंबांनी खाल्ला. ३९७ माणसांना कावीळ झाली, पोटात पाणी भरले, आणि त्यांपैकी १०६ दगावली. तोच मका खाणारी कुत्रीही मेली. कारण होते बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष. भुईमुगाच्या बुरसटलेल्या पेंडीने १९६० साली इंग्लंडात एक लाखाहून अधिक टर्की कोंबड्या मेल्या, तेव्हाच या विषाचा प्रथम शोध लागला होता.

आपल्या भागातील कोदोचेही तसेच आहे. पिकताना किंवा काढणीनंतर भिजलेल्या कोदोने माणसाला झिंग येते, उलट्या होतात, अंग थरथरते, हे जुने लोक जाणतात. त्या विषाचे नाव सायक्लोपियाझोनिक आम्ल. विषबाधा झालेल्या कोदोत ते आढळल्याचे १९८५ साली शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले. २०२४ च्या ऑक्टोबरअखेर आपल्याच राज्यातील बांधवगडच्या जंगलात कोदोच्या शेतात चरलेल्या कळपातील १० हत्ती तीन दिवसांत मेले आणि बरेलीच्या पशुवैद्यक संस्थेला त्यांच्या शरीरात हेच विष आढळले. कोदो हे धान्य मुळात उत्तम व पौष्टिक आहे. दोष कोदोचा नव्हे, ओलीचा व बुरशीचा आहे.

वर्षभराच्या कष्टाचे पोते टाकणे किती जड जाते हे आम्ही जाणतो. म्हणूनच लोक ते धुऊन, वाळवून, दळून खातात. पण धुण्याने व उन्हाने बुरशीचा रंग जातो, विष जात नाही. शिजविल्यानेही ते नाहीसे होत नाही. "मग गुरांना तरी घालू" असे कोणी म्हणेल, तर गाईने खाल्लेले अफ्लाटॉक्सिन तिच्या दुधात उतरते आणि ते दूध आपलीच मुले पितात. म्हणून गोळे झालेले, कुबट वासाचे, काळे-हिरवे पडलेले धान्य माणसांना, गुरांना, कोंबड्यांना कोणालाही न घालता खताच्या खड्ड्यात खोल पुरावे. भुईमुगातील सुरकुतलेले, रंग बदललेले दाणे निवडून टाकावे. तणसाच्या गंजीचा काळा पडलेला थर काढून खतात घालावा. तो काढण्यापूर्वी थोडा ओला करावा, म्हणजे धूळ उडत नाही.

असे धान्य खाऊन उलटी, झिंग, कावीळ झाल्यास ताबडतोब रुग्णालय गाठावे, १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी आणि खाल्लेल्या धान्याची मूठभर पुडी बरोबर न्यावी.

धान साठविताना ओलावा १४ टक्क्यांहून कमी असावा. दाणा दाताखाली कट्कन तुटला तर वाळला, दबला तर ओला, ही घरगुती परीक्षा. उन्हातून उचललेले धान थंड झाल्यावरच ढोलीत किंवा कोठीत भरावे. गरम भरल्यास आत घाम सुटतो. पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावी.

पावसाळ्यापूर्वीची कामे

मृगाआधी कवेलू फेरावे. भिंतीभोवतीची माती घराच्या बाहेरच्या बाजूस उतरती करावी, म्हणजे पागोळ्यांचे पाणी पायाशी मुरत नाही. पेट्या, कपाटे भिंतीपासून चार बोटे सरकवून ठेवावी. स्वयंपाकाच्या वाफेला बाहेर जाण्यास वाट असावी. ओले कपडे निजण्याच्या खोलीत वाळत घालू नये. ऊन पडेल त्या दिवशी दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघडाव्या.

घरी बसून विचारावयाचे प्रश्न

१. आपल्या घरात सर्वांत ओला कोपरा कोणता? तेथे पाणी कोठून येते?
२. त्या कोपऱ्याजवळ कोण निजते? तान्हे मूल किंवा म्हातारे माणूस असल्यास त्याची खाट आजच हलविता येईल का?
३. ढोलीतील धान्यात हात घातल्यावर ते गरम किंवा दमट लागते का?
४. आपल्या शेजारी एकटी राहणारी विधवा किंवा आजारी माणूस आहे का, ज्याचे कवेलू फेरण्यास कोणी नाही?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर "होय" असेल, तर पावसाळ्यापूर्वी एका रविवारी दुपारी चार तरुणांनी शिडी घेऊन तिकडे जावे. चार जणांचे अर्ध्या दिवसाचे काम आहे, आणि त्याने एका माणसाची छाती वर्षभर मोकळी राहील.